पोट जाड, हात बारीक

नानांनी एक घास तोडला, सावकाश चावला आणि उरलेलं सगळं पुन्हा कागदी पिशवीत घालून ती पिशवी माझ्याकडे सरकवली.

"हे ब्रेट्झल नव्हे," ते म्हणाले.

मॉलमधल्या त्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत 'प्रेट्झेल' लिहिलेलं होतं. वरून दालचिनी आणि साखर भुरभुरवलेली, सोबत वितळलेल्या चीजची वाटी. माझे हात चिकट झाले होते.

"मग काय आहे?"

"गोड पाव. पीळ घातलेला." नानांनी कागदी रुमालाला बोटं पुसली. "ब्रेट्झल कसं असतं सांगू? पोट जाड, हात बारीक. हात मोडला की कट् आवाज आला पाहिजे आणि पोट मऊ लागलं पाहिजे. वरून पिंगट, चकचकीत. खडेमीठ. बस्स. साखरबिखर काही नाही."

आमच्याकडे आल्यापासून दोन महिन्यांत नाना सलग एवढं पहिल्यांदाच बोलले होते. म्हणून मला त्या फसलेल्या खरेदीचं वाईट वाटलं नाही.

याला आता तेरा वर्षं होऊन गेली. आम्ही तेव्हा कॅनडात, टोरोंटोच्या जवळ राहत होतो. माझ्या सासूबाई, माई, नोव्हेंबरात इचलकरंजीच्या घरी वारल्या आणि जानेवारीत पराग जाऊन नानांना इकडे घेऊन आला. नाना तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. अच्युत विनायक सोहोनी, सूतगिरणीतले निवृत्त इंजिनियर. गावात अजूनही त्यांना 'जर्मनीचे सोहोनी' म्हणत. साठच्या सुमाराला ते जर्मनीला शिकायला गेले होते, चार-पाच वर्षं तिथे राहून परतले होते. त्या काळात आमच्या त्या भागातून असं जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

माई गेल्यावर त्यांचं खाणंच सुटलं. मी वरणभात केला, थालीपीठ केलं, माईंच्या हातच्यासारखी व्हावी म्हणून आमटीत चिंच-गूळ घातला. दोन घास घेत आणि "छान झालंय, सुनीती" म्हणत ताट बाजूला करत. डॉक्टरांनी वजन केलं आणि मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, औषधानं होण्यासारखं काही नाही, यांना खावंसं वाटेल असं काहीतरी शोधा.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "नाना, काय खावंसं वाटतं? काहीही सांगा."

बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होते. मग म्हणाले, "ब्रेट्झल मिळेल का गं इथे?"

मला वाटलं, इतकं सोपं! पण तसं नव्हतं. मॉलमधलं झालं. सुपरमार्केटातलं गोठवलेलं आणून भट्टीत भाजलं, ते सगळीकडून सारखंच जाड निघालं. एका बिअरच्या दुकानात ताटाएवढं मिळालं. नाना म्हणाले, हे बव्हेरियातलं आहे, आमच्याकडचं नव्हे. 'आमच्याकडचं' म्हणजे श्टुटगार्टकडचं. मग मी घरीच करायला घेतलं. खायच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं, असं एका ठिकाणी वाचलं होतं. नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते.

"सोडा नाही चालत. कॉस्टिक लागतं. पाण्यात हलकं मिसळून, गार. त्याशिवाय तो रंग येत नाही."

"कॉस्टिक? आपण तुंबलेली मोरी साफ करायला वापरतो ते?"

"भट्टीत त्याचं काही उरत नाही. हातमोजे मात्र घालावे लागतात."

मला त्यांचं कौतुक वाटलं. इंजिनियरचं लक्ष असं सगळीकडे असतं, असं मी त्या दिवशी परागला म्हटलंसुद्धा.

शेवटी एप्रिलमध्ये मी जवळपासच्या जर्मन बेकऱ्यांना एकेक करून फोन करायला सुरुवात केली. आमच्या घरापासून तासाभरावरच्या भागात जुनी जर्मन वस्ती आहे. सातव्या फोनवर एका म्हातारीनं विचारलं, "तुम्हाला नेमकं कसलं हवंय?"

मी नानांचे शब्द इंग्रजीत सांगितले. पोट जाड, हात बारीक.

ती हसली. "मी श्वाबेनची आहे, श्टुटगार्टच्या बाजूची. फक्त शनिवारी करते. दहाच्या आधी या."

मी नानांना सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "बाई कुठली म्हणालीस?" मी सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

पराग शनिवारीही कामावर होता. मी आणि नाना दोघंच निघालो.

बेकरी म्हणजे एका घराचा पुढचा भाग होता. काउंटर, दोन छोटी टेबलं आणि मागे उघडीच भट्टीची खोली. त्या बाईंचं नाव हॅनेलोर. सत्तरीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, एका मनगटाला पट्टा बांधलेला. काचेमागे ब्रेट्झल मांडलेले होते. रंग नाना म्हणाले होते तसाच होता, पण आकार वेडेवाकडे. कुठे पोट तिरकं, कुठे हात आखूड.

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. मी त्यांना जर्मन बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. आवाजच वेगळा लागला होता, तरुण माणसाचा असावा तसा. हॅनेलोरबाई आधी चमकल्या, मग भडाभडा बोलू लागल्या, मधेच मनगट दाखवलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचे सासरे विचारतायत की आकार कुणी बिघडवला. खरं आहे. पीळ माझा नवरा घालायचा. तो गेल्या वर्षी गेला. माझे हात आता तसे वळत नाहीत."

नाना पुन्हा काहीतरी म्हणाले. यावेळी अगदी हळू. बाई हसल्या आणि त्यांनी काउंटरची फळी वर उचलली.

"काय झालं, नाना?"

"काही नाही. एक करून बघू का, म्हटलं."

मलाही हसू आलं. मी मोबाइल काढला. फोटो काढून परागला पाठवावा, भारतातल्या नातेवाइकांना पाठवावा, असं डोक्यात होतं. नानांनी कोट काढून खुंटीला लावला. हातातलं घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही खिशात टाकली. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि मोरीपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. बाईंनी एप्रन दिला. त्यांनी तो न बघता मागे हात नेऊन बांधला.

कणकेचा एक गोळा त्यांच्यासमोर होता. त्यांनी तो तळव्याखाली घेतला, एकदा पुढे, एकदा मागे, आणि गोळ्याची वात झाली. मधे फुगलेली, टोकांना निमुळती. दोन्ही टोकं चिमटीत धरून त्यांनी ती उचलली, हवेतच एक झोका दिला, कणीक स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि टेबलावर पडली ती ब्रेट्झल होऊनच. दोन टोकं दोन खांद्यांवर दाबली. झालं.

मी फोटो काढायचा विसरले.

त्यांनी दुसरा गोळा घेतला. तिसरा. चौथा. ते हातांकडे बघतही नव्हते. नजर समोरच्या भिंतीवर होती आणि ओठ किंचित हलत होते, जणू मोजत असावेत. एकामागून एक सगळे सारखे. हॅनेलोरबाईंचं हसू केव्हाच थांबलं होतं. ट्रे भरला तसा त्यांनी न बोलता दुसरा पुढे केला आणि नानांनी तो न बघताच कोपरानं जागेवर सरकवला. गिरणीतला इंजिनियर असा ट्रे सरकवत नाही. मला तेवढं कळत होतं, त्यापलीकडे काहीच कळत नव्हतं.

बाईंनी त्यांना एक प्रश्न विचारला. नानांनी खाली बघतच उत्तर दिलं. चार-पाच शब्द. एखाद्या गावाचं नाव असावं, माणसाचं नाव असावं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचे सासरे बेकर आहेत, हे तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"ते बेकर नाहीत," मी म्हणाले. "ते इंजिनियर आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला हे यायला तीन वर्षं लागली होती."

नानांचे हात थांबले.

पहिला घाणा भट्टीत गेला तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. त्यांनी एप्रन काढलेला नव्हता. बाई आत गेल्या होत्या, बहुधा मुद्दामच.

"नाना?"

"विचार."

"तुम्ही हे कुठे शिकलात?"

"जर्मनीत." ते टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करत होते. "मी तिथे हेच शिकलो, सुनीती. दुसरं काही नाही."

त्यांनीच सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता, गिरणीतल्या एखाद्या बिघाडाची हकीकत सांगावी तसं.

"इंजिनियरिंगला प्रवेश मिळायच्या आधी तिथे एक वर्ष तयारीचं असतं. भाषा, गणित, भौतिक. शेवटी परीक्षा. मी नापास झालो. पुन्हा एकदा बसू देतात. पुन्हा नापास झालो. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत."

"मग परत का नाही आलात?"

"हातकणंगल्याच्या स्टेशनवर सत्तर माणसं आली होती मला पोचवायला. शाळेचे हेडमास्तर आले होते. गळ्यात इतके हार होते की डब्याच्या दारातून आत जाता येईना. त्या माणसांच्या पुढ्यात कुठल्या तोंडानं उतरायचं?" त्यांनी पिठाची एक रेघ ओढली. "मी राहत होतो त्या खोलीच्या खाली बेकरी होती. क्युब्लर नावाचा मालक. त्याला माणूस हवा होता. तीन वर्षं उमेदवारी केली. परीक्षा दिली. त्या परीक्षेत त्या सबंध भागात दुसरा आलो."

हे सांगताना त्यांची मान थोडी वर झाली, आणि तेच मला सहन होईना.

"पण तुमचं सर्टिफिकेट..."

इचलकरंजीच्या घरात, बैठकीच्या खोलीत, बरोबर मधोमध ते लावलेलं आहे. सोनेरी काठाची चौकट, वळणदार जर्मन अक्षरं, खाली लाल शिक्का. मी लग्न होऊन आले त्या दिवशी देवाच्या पाठोपाठ मला तिथे नमस्कार करायला लावला होता. पराग आणि त्याचा धाकटा भाऊ शिरीष त्याच्याखाली बसून अभ्यास करत. पराग दर परीक्षेला त्याच्या पाया पडून जायचा.

"ते बनावट आहे?" मी विचारलं.

"छे!" नानांना खरंच राग आला. "बनावट कशाला असेल? त्यावर लिहिलंय, अच्युत विनायक सोहोनी यांनी बेकरीच्या धंद्यातली उमेदवारी पुरी केली आहे. सही आहे, शिक्का आहे. एक अक्षर खोटं नाही त्यात."

"आणि कुणीच... एवढ्या वर्षांत..."

"जर्मन कुणाला येत होतं? सूतगिरणीत जर्मन यंत्रं आली. त्यांची पुस्तकं वाचायला माणूस नव्हता. मी वाचली. वाचता वाचता यंत्रंही कळायला लागली. खरंच कळायला लागली, सुनीती, मी वाईट काम नाही केलं. एकदा मोठ्या साहेबांनी विचारलं, सोहोनी, तुम्ही जर्मनीत शिकलात ना? मी म्हणालो, हो. शिकलोच होतो. मी तेवढं एक 'हो' म्हणालो. बाकीचं सगळं लोकांनी केलं."

"माईंना माहीत होतं?"

"कुणास ठाऊक. तिनं कधी विचारलं नाही."

भट्टीतून वास यायला लागला होता. माझे कान तापले होते. डोळ्यांसमोर शिरीषभावजी उभे राहिले होते. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी कॉलेज सोडलं, मला स्वयंपाक शिकायचाय म्हणाले. नानांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. 'सोहोन्यांच्या घरात आचारी जन्मत नाहीत', हे त्यांचं वाक्य आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ होतं. सतरा वर्षं झाली होती. देवरुखला त्यांचं खाण्याचं लहानसं हॉटेल होतं. माईंच्या अंत्यसंस्काराला ते आले, बाहेरच्या माणसांत उभे राहिले आणि बाहेरच्यांसारखेच निघून गेले. नानांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"मग शिरीषभावजींना का काढलंत?" माझा आवाज इतका चढला की आतली भांड्यांची हालचाल थांबली. "नाना, तुम्ही स्वतः... आणि त्यांना..."

नानांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. पिठानं पांढरे झालेले ते हात मला अनोळखी माणसाचे वाटले.

"तो म्हणाला, मला स्वयंपाकघरात उभं राहायचंय. मला वाटलं, याला कळलंय आणि हा मला डिवचतोय. मग वाटलं, कळलेलं नाही, हे माझ्याच रक्तातनं उतरलंय. आता सगळ्यांना दिसणार. मी फार घाबरलो गं."

हॅनेलोरबाईंनी ब्रेट्झल आणले. एक मधोमध चिरून त्यात थंड लोण्याची जाड चकती घातलेली होती. नानांनी हात मोडला. कट् असा आवाज आला. ते सबंध ब्रेट्झल त्यांनी खाल्लं आणि मग दुसरंही. माईंच्या पश्चात त्यांना पोटभर खाताना मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला आनंद होत नव्हता.

परतताना गाडीत ते म्हणाले, "परागला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्ही सांगायचं. परागला आणि शिरीषभावजींना, दोघांनाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा झाल्यावर ते खुर्चीत ताठ बसले आणि परागला म्हणाले, "शिरीषला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

परागनं माझ्याकडे पाहिलं. नानांच्या तोंडून सतरा वर्षांत ते नाव निघालं नव्हतं. नंबर लावताना तो दोनदा चुकला.

तिकडे संध्याकाळ होती. झाऱ्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. "बोल दादा," शिरीषभावजी म्हणाले.

"मी बोलतोय," नाना म्हणाले.

भांड्यांचे आवाज दूर गेले. दार लोटल्याचा आवाज आला. "बोला, नाना."

नानांनी सगळं सांगितलं. बेकरीत मला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, आणि मधे एकदाही न थांबता. नापास झालो, पुन्हा झालो, बेकरीत राहिलो, भिंतीवर आहे ते बेकरीचं आहे. मी परागकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कपातला चहा तसाच धरून तो बसला होता.

नाना थांबले. मग शिरीषभावजी म्हणाले, "मला माहीत आहे, नाना."

"काय?"

"तुम्हीच मला पुण्यात जर्मनच्या क्लासला घातलं होतंत. आठवतं? दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आलो तेव्हा शब्दकोश घेऊन बसलो आणि तो कागद वाचला."

नानांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. "म्हणजे... मी तुला घराबाहेर काढलं तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस? तोंडावर फेकायचं होतंस माझ्या!"

"फेकणारच होतो. तुम्ही ते वाक्य बोललात ना, आचाऱ्यांचं, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण माई तिथेच बसली होती. मटार सोलत. मग मी पिशवी उचलली."

नाना रडायला लागले. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. "ये म्हणालो तर येशील का रे?" त्यांनी विचारलं, आणि फोनमधून, "तुम्हीच या. हॉटेलला वरती खोली आहे," असं उत्तर आलं. माझेही डोळे भरले होते. मला वाटलं, संपलं. सतरा वर्षांचं ओझं पाच मिनिटांत उतरलं.

तेव्हा परागनं कप खाली ठेवला.

"मला ढोरांचा डॉक्टर व्हायचं होतं," तो म्हणाला.

आम्ही दोघं त्याच्याकडे वळलो.

"बारावीनंतर मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात अर्ज केला होता. कुणाला न सांगता. पत्र आलं, प्रवेश मिळाल्याचं. ते पत्र मी तीन दिवस दप्तरात घेऊन हिंडलो. रोज तुमच्या त्या चौकटीखाली अभ्यासाला बसत होतो. चौथ्या दिवशी बंबात घातलं."

"पराग..." नाना म्हणाले.

"शिरीषनं तो कागद वाचला आणि गेला. मी नाही वाचला. मी पाया पडत होतो त्याच्या." त्याचा आवाज अगदी साधा होता. वीस वर्षं यंत्रांचे आराखडे करणारा, कधी कुणावर न ओरडणारा माझा नवरा. "मी बेचाळीस वर्षांचा आहे, नाना. आता मला का सांगितलंत?"

फोनमधून "दादा... दादा, ऐक," असं येत होतं. पराग उठला आणि गॅरेजमध्ये निघून गेला.

मी मागोमाग गेले. तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. गॅरेजमध्ये गारठा होता.

"पंधरा वर्षं झाली आपल्या लग्नाला," मी म्हणाले. "मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलं नाहीस."

"असं कसं विचारीन मी? मला काय माहीत..."

"सांगलीला तुला बघायला आलो होतो," तो म्हणाला. "आपल्याला दोघांनाच गच्चीवर बोलायला पाठवलं. तू पहिला प्रश्न काय विचारलास, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आणि मग एकदम आठवलं. गच्चीवर पापड वाळत घातले होते, मी निळी साडी नेसले होते आणि आईनं पढवून पाठवलं होतं. तरी प्रश्न माझाच होता, मला खरंच हवं होतं ते उत्तर.

"'इंजिनियरिंग फर्स्ट क्लासमध्येच झालात ना?'" पराग म्हणाला. "मी म्हणालो, हो."

मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. जवळ जायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतरचे चार महिने घरात कुणी भांडलं नाही. नाना जेवायला लागले. दर शनिवारी मी त्यांना हॅनेलोरबाईंकडे सोडत असे. ते सकाळभर तिथे पीळ घालत आणि पिशवी भरून घेऊन येत. पराग त्या पिशवीला हात लावत नसे. नानांशी तो औषधांपुरतं, हवेपुरतं बोलायचा. नाना एकदोनदा विषय काढायला गेले, तो म्हणाला, "आज नको." ते मुकाट्यानं मागे फिरले.

ऑगस्टमध्ये नाना परत जायला निघाले. तिकडच्या विमानतळावर शिरीषभावजी येणार होते आणि त्यांना तिथून थेट देवरुखला नेणार होते. टोरोंटोच्या विमानतळावर सामान देऊन झालं. आत जायला अजून दीड तास होता. आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो, मधे नाना.

"पराग," नाना समोर बघत म्हणाले, "मी माफी मागायला तोंड उघडलं की तू आज नको म्हणतोस. बरोबर आहे. मी माफी मागत नाही. मला फक्त एक सांग. ढोरांचाच डॉक्टर का? तुझ्या डोक्यात आलं कुठून ते? आपल्या घरात तर मांजरसुद्धा नव्हतं."

मला वाटलं, पराग आजही उठून जाणार.

"माने मास्तरांचा गोठा होता ना, नदीच्या रस्त्याला," तो म्हणाला. "मी नववीत होतो. दूध आणायला गेलो होतो. त्यांची म्हैस विताना अडली होती. डॉक्टर जयसिंगपूरला गेलेला. मास्तरांचा हात मोठा, आत जाईना. ते म्हणाले, सोहोनी, तुझा हात बारीक आहे, बाही वर कर."

नानांनी त्याच्याकडे तोंड वळवलं.

पराग बोलत राहिला. आत किती ऊब होती, पाय हाताला कसा लागला, तो उलटा होता हे त्याला कसं कळलं, मास्तर कानाशी काय काय सांगत होते, म्हैस कशी एकदाच रेकली. तो हातांनी दाखवत होता. पंधरा वर्षांत मी त्याला असं हात हलवून काही सांगताना पाहिलं नव्हतं. आत जायची सूचना झाली, लोक रांगेत उभे राहायला लागले. मी घड्याळाकडे बघितलं आणि काही बोलले नाही. नाना पुढे वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेतला मुलगा गोष्ट ऐकतो तसे.

पराग मधेच थांबला.

"मग?" नानांनी विचारलं. "रेडकू जगलं?"

"जगलं, नाना," पराग म्हणाला. "रेडी होती."

नानांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा उघडला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं तेव्हा मीच त्यांना उठवलं.